जुन्या गाडीत ब्रेकचा लाल दिवा का लागतो?

"ब्रेकचा दिवा लागलाय, थोडं ऑइल टाका." हे वाक्य गॅरेजात कायम कानावर पडतं. ऑइल टाकलं जातं, दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश होऊन निघून जातं. जुन्या गाडीच्या बाबतीत यापेक्षा धोक्याची दुरुस्ती दुसरी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं संपत नाही आणि इंजिन ऑइलसारखं जळतही नाही. ते बंद नळ्यांमध्ये कोंडलेलं असतं. बॉनेटखालच्या डबीतली त्याची पातळी उतरली असेल, तर ते कुठून तरी गळतंय किंवा पॅड (चाकाची डिस्क दोन्हीकडून धरणारे ब्रेकचे तुकडे) झिजल्यामुळे ते डबीतून चाकांकडे सरकलंय. यातलं काहीच वरून ऑइल ओतून सुधारत नाही, फक्त दिसेनासं होतं.

अर्थात दिवा लागला म्हणजे ऑइल कमीच झालं, असंही नाही. हँडब्रेकचा लिव्हर एक दाता वर राहिला तरी तोच दिवा लागतो. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या मारुती आठशेत, झेनमध्ये किंवा सँट्रोत कारण बहुतेक वेळा साधंच निघतं. पण ते साधं आहे की गंभीर, हे दिव्याकडे बघून कळत नाही. का कळत नाही, ते समजायला त्याची वायर कशी जोडलेली असते ते पाहू.

एक बल्ब, अनेक स्विच

चावी ऑन केली की फ्यूजमधून १२ व्होल्टचा करंट मीटरमधल्या बल्बपर्यंत पोचतो. बल्बची दुसरी वायर बॉडीला, म्हणजे अर्थला मिळाली तरच तो पेटतो. ही दुसरी वायर दोन-तीन फाट्यांत विभागलेली असते. एक फाटा हँडब्रेकखालच्या स्विचला जातो, दुसरा ब्रेक ऑइलच्या डबीतल्या फ्लोटच्या (ऑइलवर तरंगणाऱ्या तुकड्याच्या) स्विचला. डिझेल गाड्यांत कधी कधी तिसरा व्हॅक्यूमच्या, म्हणजे ब्रेकला मदत करणाऱ्या निर्वाताच्या, स्विचला असतो. यातल्या कुठल्याही एका जागी अर्थ मिळाला की बल्ब पेटतो. उंदराने वायर कुरतडली आणि उघडी तांब्याची तार बॉडीला टेकली, तरीही पेटतो. बल्बच्या दृष्टीने ही सगळी कारणं सारखीच.

म्हणून शोध सुरू करण्याआधी बल्ब जिवंत आहे ना, ते बघायचं. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चावी ऑन करा. दिवा लागलाच पाहिजे. हँडब्रेक खाली सोडला की विझला पाहिजे. सेकंडहँड गाडी घेताना ही चाचणी हमखास करावी. सारखा लागणारा दिवा "बंद करून देण्याचा" सोपा मार्ग म्हणजे बल्बच काढून टाकणं किंवा डबीचा कनेक्टर सोडून ठेवणं, आणि असं करणारे महाभाग कमी नाहीत. हँडब्रेक ओढूनही दिवा लागत नसेल, तर त्या गाडीत धोक्याची सूचना देणारं कुणी नाही असं समजून पुढचा सौदा करा.

चालत्या गाडीत दिवा लागला तर

पहिलं काम म्हणजे पेडलवर हलकेच पाय ठेवून बघणं. आरशात मागे कोण आहे ते पाहून थोडा ब्रेक दाबा. पेडल नेहमीच्या उंचीवर, नेहमीसारखं कडक लागत असेल आणि गाडी सरळ थांबत असेल, तर घाबरण्याचं कारण नाही. हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा, वेग कमी करा आणि कडेला सुरक्षित जागा मिळाली की थांबा.

पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं तर मात्र मामला गंभीर आहे. गाड्यांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग, दोन कप्प्यांचा असतो आणि प्रत्येक कप्पा दोनच चाकांना दाब देतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत ही विभागणी बहुधा तिरकी असते, म्हणजे पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं एका जोडीत, उरलेली दोन दुसऱ्या जोडीत. एक जोडी निकामी झाली तरी दुसरी काम करते, पण पेडल खोल जातं, पाय जोरात द्यावा लागतो आणि गाडी थांबायला खूप जास्त अंतर घेते. अशा वेळी पेडल भराभर दोन-तीनदा मारा, गिअर एकेक करून खाली आणा आणि हँडब्रेक बटण दाबून धरूनच हळूहळू ओढा. बटण दाबलेलं असलं की चाकं लॉक होऊ लागताच लिव्हर पटकन सोडता येतो. एकदम खेचला तर मागची चाकं घसरून गाडी आडवी होऊ शकते.

इंजिन मात्र बंद करू नका. पेडल हलकं करणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झाल्यावर साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन ब्रेक मिळतात, पुढे पेडल दगडासारखं होतं. शिवाय चावी काढली गेली तर स्टेअरिंग लॉक व्हायची भीती असते, ती वेगळीच.

पेडल खोल गेलेल्या गाडीला "हळूहळू चालवत घरी नेऊ" हा विचार करू नये. टो करून न्या. उतारावर उभी करावी लागली तर गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा.

उभ्या गाडीत शोध

सुरुवात हँडब्रेकपासून करा, कारण तिथे पैसे लागत नाहीत. चावी ऑन ठेवून लिव्हर तळहाताने खाली दाबा. दाबल्यावर दिवा विझला आणि सोडल्यावर परत लागला, तर चोर सापडला. लिव्हरच्या बुडाशी एक छोटा दांडीचा स्विच असतो. लिव्हर पूर्ण खाली आला की त्याची दांडी आत जाते आणि अर्थ तुटतो. दोन सीटांच्या मधल्या त्या फटीत सुटे पैसे, टोलच्या पावत्या, चॉकलेटचे कागद आणि वर्षानुवर्षांची माती साठलेली असते. लिव्हर शेवटचे दोन मिलिमीटर खाली बसत नाही, एवढंच असतं. कव्हर काढून साफ करा, स्विचवर गंज असेल तर तो घासा किंवा बदला. स्विच स्वस्त असतो.

एक गोष्ट मात्र तपासायला हवी. लिव्हर कचऱ्यामुळे वर राहतोय, की केबल गंजून परत येत नाहीये म्हणून? पावसाळ्यात चार-सहा दिवस हँडब्रेक ओढून उभी केलेली गाडी, त्यात ती कोकणातली असेल तर, केबल अडकणं हे ठरलेलंच. मग मागच्या चाकांतले लायनर, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला घासत राहतात. पाचेक किलोमीटर चालवून थांबा आणि चारही रिमजवळ हात नेऊन बघा, टेकवू नका. मागचं एखादं चाक इतरांपेक्षा बरंच तापलेलं लागलं, तर फक्त स्विच बदलून भागणार नाही.

हँडब्रेक निर्दोष ठरला की डबी. बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या समोर, इंजिन खोलीच्या मागच्या भिंतीला बूस्टरचा गोल काळा डबा दिसेल. त्याच्या पुढे मास्टर सिलिंडर आणि त्याच्यावर पांढुरकी प्लॅस्टिकची डबी. डबीवर मॅक्स आणि मिन अशा दोन रेघा असतात. जुन्या डब्या पिवळ्या पडून अपारदर्शक होतात, तेव्हा मागून टॉर्च मारा, पातळीची सावली दिसते. झाकण लगेच उघडू नका. आधी आजूबाजूची धूळ फडक्याने पुसा. आत पडलेला मातीचा एक कण मास्टर सिलिंडरचं रबर कापू शकतो.

पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे आणि तरी दिवा लागलाय? मग फ्लोटचा कनेक्टर काढा. दिवा विझला तर फ्लोट किंवा त्याचा स्विच खराब. हा फ्लोट म्हणजे एक पोकळ तरंगता तुकडा, त्यात बहुधा लोहचुंबक असतं. पातळी उतरली की तो खाली येतो आणि स्विच जुळवतो. वर्षं गेली की त्याला चीर पडते, आत ऑइल शिरतं आणि तो बुडतो. कधी तळाच्या गाळात चिकटून बसतो. ज्या गाड्यांत फ्लोट झाकणालाच लटकलेला असतो तिथे नवं झाकण मिळतं, बाकी ठिकाणी डबी बदलावी लागते. कनेक्टर काढलेलाच ठेवून गाडी वापरायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

हँडब्रेकचा आणि डबीचा, दोन्ही कनेक्टर काढूनही दिवा जळतोच आहे, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय. उंदरांचा उपद्रव असलेल्या पार्किंगमध्ये संशय आधी त्यांच्यावर. दिवा पूर्ण न पेटता मिणमिणत असेल, तर कनेक्टरमध्ये ओल शिरली असण्याची शक्यता जास्त. गाडी धुतल्यावर किंवा पहिल्या मोठ्या पावसानंतर हे हटकून होतं.

पातळी मिनच्या आसपास असेल तर दिवा आपली लक्षणं दाखवतो. सपाट रस्त्यावर गप्प, पण वळणावर, ब्रेक मारताना किंवा उतारावर क्षणभर लागून विझतो, कारण ऑइल डबीत एका बाजूला सरकतं आणि फ्लोट खाली बसतो. या लुकलुकण्याकडे दुर्लक्ष करणारे फार. खरं तर गाडीने तुम्हाला वेळेत सांगितलंय, अजून ब्रेक गेलेला नाही. याउलट फक्त खड्ड्यात आपटल्यावर लुकलुकत असेल, तर हँडब्रेकचा स्विच किंवा सैल कनेक्टर बघा.

ऑइल गेलं कुठे?

आधी पॅड. पुढच्या चाकांना डिस्क असते आणि पॅड जसजसे झिजतात तसतसा कॅलिपरमधला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीतला) पिस्टन बाहेर येतो. त्याच्यामागे जी जागा तयार होते ती भरायला डबीतून ऑइल जातं. किती जातं, याचा हिशेब करून बघू. पिस्टनचा व्यास ४८ मिलिमीटर धरा. दोन्ही बाजूंचे पॅड प्रत्येकी ७ मिलिमीटर झिजले, तर पिस्टन १४ मिलिमीटर पुढे सरकला. एका चाकाला साधारण २५ मिलिलिटर, दोन चाकांना ५०. एवढ्याने छोट्या गाडीच्या डबीतली पातळी स्पष्ट उतरते, एक थेंबही न गळता. मागच्या ड्रममध्ये लायनरचं ॲडजस्टमेंट नीट होत असेल तर फारसा फरक पडत नाही.

म्हणजे पातळी संथपणे, काही महिन्यांत उतरली असेल तर पॅडची जाडी बघा. नव्या पॅडवर साधारण १० मिलिमीटर माल असतो, ३ मिलिमीटरवर आला की बदलायचा. आता मधल्या काळात कुणी डबी मॅक्सपर्यंत भरून ठेवली असेल तर गंमत होते. नवे पॅड बसवताना मेकॅनिक पिस्टन आत दाबतो, ते ५० मिलिलिटर उलट डबीत येतं आणि झाकणातून बाहेर. ब्रेक ऑइल रंगाचा शत्रू आहे, सांडलं आणि तसंच राहिलं तर रंगाची सालं निघतात. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पॅड जाड आहेत आणि पातळी आठवड्या-दोन आठवड्यांत उतरली, तर गळती. चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरचं रबर गेलं असेल, तर टायरच्या आतल्या भिंतीवर ओले काळपट ओघळ दिसतात. तेच ऑइल लायनरवर गेल्यामुळे ते चाक ब्रेक मारताना धरत नाही किंवा एकदम पकडतं. रबरी होजवर चिरा आहेत का बघा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, मुंबई अशा खाऱ्या हवेतल्या गाडीत खालचे लोखंडी पाइपही तपासा. ते बाहेरून फक्त गंजल्यासारखे दिसतात आणि एखाद्या जोरदार ब्रेकला फुटतात.

एक गळती अशी की ती जमिनीवर दिसतच नाही. मास्टर सिलिंडरचं मागचं रबर गेलं तर ऑइल थेट बूस्टरच्या पोटात जातं. बाहेर थेंब नाही, चाकं कोरडी, पातळी मात्र उतरतेय. मास्टर सिलिंडर आणि बूस्टर जिथे जुळतात तिथे खालून बोट फिरवा. ओलसर लागलं किंवा बूस्टरचा रंग तिथे फुगून निघालेला दिसला, तर निदान झालं.

पेडलची चाचणी घरीही करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, कडक झालं की एकसारखा दाब देऊन अर्धा मिनिट धरा. पाय हळूहळू खाली जाऊ लागला तर गळती आहे, बाहेर किंवा मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत. तसंच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडंसं खाली जाऊन थांबलं तर बूस्टर ठीक. काहीच हललं नाही तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूमचा पाइप तपासायला हवा.

डिझेल गाडी आणि एबीएस

डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनासारखं आपोआप व्हॅक्यूम तयार करत नाही, म्हणून त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्याच पाठीला जोडलेला असतो. म्हणजे पट्टा तुटला तर बॅटरीचं चार्जिंग गेलं आणि थोड्याच वेळात ब्रेकची ताकदही गेली. बॅटरीचा आणि ब्रेकचा दिवा एकदम लागले तर आधी पट्टा बघा. सकाळी सुरू केल्यावर काही सेकंद ब्रेकचा दिवा राहून विझत असेल, तर ज्या गाडीत व्हॅक्यूमचा स्विच आहे तिथे व्हॅक्यूम भरेपर्यंतची ती वाट असते. ती वाट दर महिन्याला लांबत चालली, तर पंप थकलाय.

एबीएसचा (जोरात ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा एकटा लागला तर साधा ब्रेक चालू असतो, फक्त एबीएस नसतं. पिवळा आणि लाल एकत्र लागले आणि ऑइल, हँडब्रेक ठीक असेल, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा बंद पडलेली असू शकते. तिथे स्कॅनर लागतो, अंदाज चालत नाही.

दिवा जे सांगत नाही

लाल दिवा लागत नाही म्हणजे ब्रेक ठणठणीत, हा समज काढून टाकायला हवा. दिव्याला फक्त पातळी कळते. ऑइल किती जुनं आहे, हे कळत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि पाणी मुरलं की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा सांगणारा नंबर) ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे, पाणी मुरलेल्या अवस्थेत ते १४० वर येतं. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. कुंभार्ली किंवा आंबोलीचा घाट सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर कॅलिपर इतका तापतो की जुनं ऑइल आत उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल सरळ तळाला. डबी भरलेली, दिवा बंद, आणि ब्रेक नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या ड्रायव्हरांचं सांगणं याच कारणासाठी आहे.

म्हणून ऑइल साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, गाडी कमी चाललेली असली तरी. उभ्या गाडीतही ओल मुरतेच. अर्धी वापरून कपाटात ठेवलेली जुनी बाटली टाकू नका. डबीच्या झाकणावर लिहिलेला डॉट नंबरच घ्या. डॉट ३ सांगितलेल्या गाडीत डॉट ४ चालतं. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र यात मिसळायचं नाही. आणि अडीअडचणीत का होईना, इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टेअरिंगचं ऑइल कधीही नाही. खनिज तेलाने ब्रेकमधली सगळी रबरं फुगतात, मग मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळं काढावं लागतं.

गॅरेजात गेलात की "दिवा घालवून द्या" असं सांगू नका. "ऑइल कुठे गेलं ते शोधा" असं सांगा. व्हील सिलिंडर एका बाजूचा गेला असेल तर दोन्ही बाजूंचे बदला आणि ऑइल लागलेले लायनर पेट्रोलने पुसून परत लावू देऊ नका, ते बदलायचेच. पाइप उघडला की हवा काढावी लागते. एक जण पेडल मारून धरतो, दुसरा चाकाचा निपल (हवा सोडायचा स्क्रू) सैल करतो, आणि नळीतून बुडबुडे येणं थांबेपर्यंत हे चालतं. तेवढ्या वेळात डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा परत आत जाते.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी चावी ऑन करून हँडब्रेक खाली ठेवा आणि फ्लोट झाकणाला असेल तर झाकण उचलून फ्लोट ऑइलबाहेर सरळ धरा. फ्लोट खाली लटकला की दिवा लागला पाहिजे. लागला नाही, तर कनेक्टर जोडायचा राहिलाय.